पोचपावती

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे आठवड्यातले मोजके तास, आणि वेलांटी पहिली की दुसरी हा माझा आजतागायत न सुटलेला बॅकलॉग. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी नुसतीच हसले.

"कशावर लिहू, मॅडम?"

"तुझ्या मिनी प्रोजेक्टवर लिही."

"पण तो डिस्ट्रिब्युटेड फाइल सिस्टिमचा एचटीटीपी इंटरफेस आहे!"

"मग तेच लिही. घरी आईला सांगतेस तसं."

आता आईला मी प्रोजेक्टबद्दल फक्त "चालू आहे" एवढंच सांगितलं होतं. तेव्हा हा लेख म्हणजे आईलाही न सांगितलेली गोष्ट आहे. शुद्धलेखन संपादक मंडळाच्या भरवशावर.

तर सुरुवात हॉस्टेलपासून. आपल्याकडे प्रत्येकीचा फोन कायम भरलेला असतो. गूगल ड्राइव्हचे फुकटचे १५ जीबी दुसऱ्या वर्षातच संपतात. सबमिशनच्या आदल्या रात्री नेट मुंगीच्या पावलाने चालतं, पण हॉस्टेल आणि लॅबमधलं आतलं नेटवर्क मात्र ठणठणीत असतं. म्हणून तिसऱ्या वर्षी आम्ही तिघींनी ठरवलं की आपली स्वतःची साठवणीची जागा बनवायची. नोट्स, जर्नल, फोटो, काय वाटेल ते तिथे ठेवा आणि पाहिजे तेव्हा घ्या. लॅबच्या कोपऱ्यात निकालात काढलेले चार जुने पीसी पडले होते. गाइड सर म्हणाले, "न्या. पण बिघडले तर माझ्याकडे रडत यायचं नाही." हे वाक्य पुढे फार आठवलं.

डिस्ट्रिब्युटेड फाइल सिस्टिम म्हणजे सोप्या भाषेत, एका मोठ्या यंत्राऐवजी अनेक लहान यंत्रांनी मिळून सांभाळलेलं एक कोठार. वापरणाऱ्याला वाटतं एकच जागा आहे, आत मात्र माल वाटून ठेवलेला असतो. गूगलच्या लोकांनी २००३ मध्ये आपल्या फाइल सिस्टिमवर जो पेपर लिहिला, त्यात सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य केली होती. स्वस्त यंत्रं बिघडणारच, बिघाड हा अपवाद नाही, तो रोजचाच आहे. म्हणून ते फाइलचे ६४ एमबीचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या साधारण तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवायचे. त्याच विचारावर उभ्या राहिलेल्या हडूपमध्ये आता तुकडा १२८ एमबीचा असतो, प्रती तीनच. आमच्याकडे यंत्रंच चार, म्हणून आम्ही दोन प्रतींवर भागवलं. एका पीसीचं नाव 'चावडी'. कोणती फाइल कुठे आहे याची नोंद तिथे. बाकीची तीन 'कोठारं'.

आतलं काम दोघी मैत्रिणींनी घेतलं. माझ्याकडे आला इंटरफेस. म्हणजे दुकानाचा काउंटर. गिऱ्हाइकाने काय मागायचं, कसं मागायचं आणि आपण काय उत्तर द्यायचं, एवढंच. मला वाटलं, सगळ्यात सोपं काम मिळालं!

मी झटपट यादी केली. फाइल उघडा, फाइल बंद करा, कुलूप लावा, कुलूप काढा, तुकडा लिहा, शेवटी जोडा, नाव बदला... एकूण तेवीस आज्ञा. सरांनी कागद वरून खाली वाचला आणि म्हणाले, "हा इंटरफेस आहे की मेसचा मेनू? नावं तेवीस, आणि खायला मिळणार वरण-भातच." मग त्यांनी विचारलं, "मराठीच्या व्याकरणात नाम आणि क्रियापद शिकलीस का?" मी म्हटलं, शिकले. "मग जा, क्रियापदं कमी कर."

त्या रात्री मी एचटीटीपीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. रोज ब्राउझरमध्ये वापरतो, पण बघत कोण बसतं? १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी याचं जे पहिलं रूप केलं, त्यात 'गेट' हे एकच क्रियापद होतं. मला दे. बस. पुढे बाकीची आली. पुट म्हणजे ठेव, डिलीट म्हणजे काढून टाक, हेड म्हणजे वस्तू नको, नुसती माहिती सांग. रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या पीएचडीच्या प्रबंधात यामागचा विचार नीट मांडला, त्यालाच आपण रेस्ट म्हणतो. मला उमगलं ते असं की नामं हवी तेवढी असू देत, क्रियापदं मात्र मोजकी आणि सगळ्यांना एकाच अर्थाने माहीत असलेली पाहिजेत. फाइलचा पत्ता हे नाम. 'थर्ड-इयर/नोट्स/डीबीएमएस' हे एक नाम, 'फोटो/गॅदरिंग' हे दुसरं. त्यांच्यासाठी वेगळ्या आज्ञा कशाला हव्यात?

पण फाइल सिस्टिमची सवय आणि एचटीटीपीचा स्वभाव यांचं पटकन जमत नाही. आपल्या कॉम्प्युटरवर फाइल आधी 'उघडतात', मग लिहितात, मग बंद करतात. म्हणजे मध्ये कुणीतरी लक्षात ठेवावं लागतं की ही फाइल हिने उघडली आहे. एचटीटीपी काहीच लक्षात ठेवत नाही. प्रत्येक विनंती त्याच्यासाठी नवीन पाहुणी. कुलूप लावणारी मुलगी मध्येच वीज गेली म्हणून झोपायला गेली, तर कुलूप कोण काढणार? वेबडॅव्ह नावाच्या प्रकाराने १९९९ मध्ये एचटीटीपीला कुलूप लावणं, फाइल हलवणं, प्रत काढणं अशी जादा क्रियापदं दिली होती. मीही आधी त्याच वाटेने निघाले होते. शेवटी ठरवलं, उघडणं-मिटणं नको, कुलूप नको, अर्धवट लिहिणं नको. ठेवायची तर पूर्ण फाइल ठेवायची. घेताना मात्र अर्धी चालेल. नेट तुटलं तर 'अमुक बाइटपासून पुढचं दे' असं मागायची सोय एचटीटीपीत आहेच, उत्तर २०६ येतं. आणि दोघींनी एकाच फाइलवर काम केलं तर? प्रत्येक आवृत्तीला एक खूण असते, तिला ईटॅग म्हणतात. पुट करताना 'माझ्याकडे ही खूण आहे' असं सांगायचं. दरम्यान दुसरीने फाइल बदलली असेल तर खूण जुळत नाही आणि उत्तर येतं ४१२. म्हणजे, बाई, आधी नवीन बघून ये.

तेवीसची यादी चारवर आली. गेट, पुट, डिलीट, हेड. सर म्हणाले, "आता जेवण झालं."

पुटमधली एक गोष्ट मला फार आवडली. तिला आयडेम्पोटंट असा भयंकर शब्द आहे, पण अर्थ घरगुती आहे. 'टाकीत एक बादली ओत' असं दहादा सांगितलं तर दहा बादल्या ओतल्या जातील. 'टाकी भरून ठेव' असं दहादा सांगितलं तरी टाकी भरलेलीच राहणार. पुट ही दुसऱ्या प्रकारची आज्ञा आहे. नेट मध्येच तुटलं आणि पोचलं की नाही कळलं नाही, तर बिनधास्त पुन्हा पाठवा. बिघडत काही नाही. पोस्टचं तसं नसतं.

दुसरी युक्ती हडूपच्या वेबएचडीएफएसकडून घेतली. तिथे मुख्य यंत्राकडे पुट केलं की ते फाइल घेतच नाही. ३०७ असं उत्तर देऊन दुसऱ्या यंत्राचा पत्ता सांगतं, आणि माल थेट तिकडे जातो. आपल्याकडे चावडीवर गेलं की नोंद बघून सांगतात, तुमचं काम त्या खोलीत. पोतं चावडीवर उतरवायचं नाही. नाहीतर एकाच यंत्राच्या दारात सगळी गर्दी होईल.

श्रावणात आम्ही ते हॉस्टेलसाठी सुरू केलं. फोनवरून चालेल असं एक साधं पान केलं. फाइल निवडा, बटण दाबा, आणि हिरव्या अक्षरांत उत्तर, 'सुरक्षित ठेवलं!' चार दिवसांत हॉस्टेलभर झालं. रेक्टर मॅडमनीसुद्धा कुठलीशी यादी ठेवली. शिवाय ते भलतंच फास्ट होतं. ५०० एमबीची फाइल पाऊण मिनिटात! आमची मान ताठ.

आता ते फास्ट कसं होतं ते सांगते, कारण खरी गोष्ट इथूनच सुरू होते. पहिल्या कोठारात फाइल आली की मी लगेच २०१, म्हणजे 'तयार झालं, ठेवलं' असं उत्तर देत होते. दुसरी प्रत करायचं काम रात्री दोन वाजता, सगळे झोपल्यावर. गिऱ्हाइकाला थांबवायचं कशाला? प्रत तर होणारच आहे ना!

माझी रूममेट मेहकरची. आमच्या विंगमध्ये सगळ्या एकमेकींना गावाच्या नावानेच हाक मारतात. ती 'मेहकर', मी 'देऊळघाट'. (पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा. कॉन्व्हेंटमध्ये मी बुलढाण्याची आहे असंच सांगायचे. आता सवय झाली.) तिची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. जातं कधीच कोपऱ्यात गेलं होतं, पण ओव्या तोंडपाठ. एका शिबिरात मेहकरने हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामाबद्दल ऐकलं होतं. त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून त्या परीच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळू लागल्या. ते ऐकून ही दिवाळीत आजीसमोर फोन घेऊन बसली. चौदा रेकॉर्डिंग केली. मध्ये कोंबडा, मध्ये कुकरची शिट्टी, पण आजीचा आवाज स्वच्छ.

आजी आषाढात गेली.

श्रावणातल्या त्या संध्याकाळी मेहकरचा फोन भरला होता. तिने चौदाही फाइली आमच्या कोठारात टाकल्या. चौदा वेळा हिरवं उत्तर आलं. मग तिने त्या फोनमधून काढल्या, कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली, आणि त्या जागेत दुसऱ्या दिवशीच्या सेमिनारचे व्हिडिओ उतरवून घेतले.

रात्री दोनला प्रती करायचं काम सुरू झालं. अकरा झाल्या, आणि लॅबची वीज गेली. यूपीएसची बॅटरी पीसीइतकीच म्हातारी. सकाळी वीज आली तेव्हा तीन यंत्रं उठली. चौथ्यातून नुसता टक् टक् आवाज. ते होतं पहिलं कोठार.

तीन ओव्या फक्त त्या डिस्कवर होत्या. आम्ही डिस्क घेऊन अकोल्याला एका दुकानात गेलो. त्यांनी उघडून बघितली आणि आतली तबकडीच घासली गेली आहे असं सांगितलं. परतीच्या एसटीत मी मेहकरला समजावत होते की बघ, कुठल्याही सिस्टिममध्ये फेल्युअर असतंच, गूगलच्या पेपरमध्येसुद्धा लिहिलंय. ती खिडकीबाहेर बघत होती. मग एवढंच म्हणाली,

"पण तू 'ठेवलं' म्हणाली होतीस."

मला उत्तर सुचलं नाही. आजही नाही. डिस्क बिघडली ती आमच्या हातची गोष्ट नव्हती. पण 'ठेवलं' हा शब्द मी स्वतः टाइप केला होता, उद्गारचिन्हासकट. जे होणार होतं ते मी झालं म्हणून सांगितलं होतं, आणि त्या शब्दावर विश्वास ठेवून तिने स्वतःची प्रत पुसली होती. मी काहीच उत्तर दिलं नसतं, तरी तिच्या ओव्या वाचल्या असत्या.

गणपतीच्या सुट्टीत घरी गेले. बोथा घाट चढून एसटी बुलढाण्याला आली की कान मोकळे होतात आणि हवा बदलते. आमचं देऊळघाट बुलढाण्याजवळच, घाटावर. पैनगंगेचा उगमही आमच्याच भागातला. माझे आबा, म्हणजे आजोबा, पोस्टात होते. गावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत सायकलवर टपाल वाटायचे. आता ओसरीवर बसून पेपर वाचतात आणि माझ्या इंग्रजीची परीक्षा घेतात. मी गप्प गप्प आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं. एचटीटीपी वगैरे वगळून मी सगळं सांगितलं.

ते ऐकून घेतात तेव्हा मध्ये बोलत नाहीत. शेवटी म्हणाले, "मंग ठेवलं नव्हतं तं ठेवलं काऊन म्हनलीस?"

"आबा, ठेवणारच होतो. रात्री दोन वाजता."

"मनीऑर्डरीचे पैसे आले का आम्ही काय करत होतो, मालूम आहे?" आबा सावरून बसले. "आधी पैसे मोजून हातावर द्यायचे. मंग आंगठा. पावसापान्याचा घाई असे, दहा घरं फिरायची असत. वाटे, आधी सगळ्यायचे आंगठे घेऊन ठेवा अन् पैसे मंग वाटा. पन आधी आंगठा घेतला तं पैसे देनं आपल्या मर्जीवर राह्यते, माय. आपली नियत चांगली असली तरी सायकल पडू शकते, नाल्याले पूर येऊ शकते."

सायकल पडू शकते! गूगलचा सगळा पेपर तीन शब्दांत.

मग मी माझी खरी शंका विचारली. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिममध्ये हा जुना प्रश्न आहे. माल पोचला, पण पोचल्याची पावतीच वाटेत हरवली तर? पाठवणाऱ्याला कसं कळणार? पावतीची पावती मागितली तर तीही हरवू शकते. याला शेवट नाही.

आबा म्हणाले, "नाही कळत. तो पुन्हा इचारते. आपन रजिस्टर पाह्यतो. मनीऑर्डरीवर नंबर असे. त्या नंबराची नोंद असली तं पैसे पुन्हा नाही द्यायचे, नोंद दाखवायची. नसली तं द्यायचे."

म्हणजे आमचा पुटच की! पुन्हा विचारलं तरी बिघडू नये, आणि उत्तर नोंद बघून द्यावं, आठवणीवर नाही. मग त्यांनी आत जाऊन एक जुनी पोचपावती आणून दाखवली. त्यांच्याच एका रजिस्टर्ड पत्राची, घेणाऱ्याच्या सहीसकट परत आलेली. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट हे स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा आबा दोन दिवस जरा उदास होते. मला तेव्हा कळलं नव्हतं की एका सेवेचं नाव गेलं तर त्यात एवढं काय. ते कार्ड हातात घेतल्यावर थोडं कळलं. त्या सहीचा अर्थ 'पोस्टात आहे' किंवा 'पोचेल' असा नव्हता. 'पोचलं' एवढाच होता. त्या एका शब्दासाठी लोक जास्तीचे पैसे देत होते.

सुट्टी संपवून आल्यावर आम्ही क्रियापदांना हात लावला नाही. उत्तरं बदलली.

आता २०१ फक्त तेव्हाच, जेव्हा दोन वेगवेगळ्या कोठारांच्या डिस्कवर फाइल उतरलेली असते. 'उतरलेली' याचीही खात्री करावी लागते, कारण ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा माझ्यासारखीच असते. मेमरीत घेते आणि 'लिहिलं' म्हणून सांगते. एफसिंक नावाची आज्ञा देऊन 'खरंच डिस्कवर गेलं का' हे तिला बजावून विचारावं लागतं. दुसरं कोठार बंद असेल आणि एकच प्रत झाली असेल, तर उत्तर २०२. याचा अर्थ 'घेतलंय, पण काम पूर्ण झालेलं नाही.' फोनवर ते पिवळ्या अक्षरांत दिसतं, 'एकच प्रत झाली आहे. तुमच्याकडची फाइल पुसू नका.' जागाच नसेल तर ५०७. कोठारंच बंद असतील तर सरळ ५०३, आणि किती वेळाने पुन्हा यायचं तेही. हेड विचारलं की सध्या किती प्रती आहेत तो आकडा कळतो.

शिवाय प्रत्येक फाइलचा अंगठाही घेतो. एसएचए-२५६ नावाचं एक गणित आहे, त्यातून कितीही मोठ्या फाइलचा ६४ अक्षरांचा ठसा निघतो. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा वेगळाच येतो. फोन आपला ठसा काढतो, दोन्ही कोठारं आपापल्या डिस्कवरून वाचून त्यांचा काढतात. तिन्ही जुळले तरच हिरवं. पैसे आधी, अंगठा मग!

याची किंमत मोजावी लागली. पहिल्या प्रयत्नात ५०० एमबीच्या फाइलला पाऊण मिनिटाऐवजी दीड मिनिट लागायला लागलं. विंगमध्ये लगेच कुरकुर सुरू. मग आतल्या मैत्रिणींनी हडूपमधली पद्धत घेतली. पहिल्या कोठाराने पूर्ण फाइल घेऊन मग पुढे द्यायची नाही, येईल तशी पुढच्या कोठाराकडे सरकवायची. विहिरीपासून हातोहात बादल्या देतात तशी. वेळ बराच खाली आला, पण पाऊण मिनिटावर पुन्हा कधीच नाही.

मनाला थोडा दिलासा म्हणून सांगते, मोठ्यांनाही हे सोपं गेलेलं नाही. ॲमेझॉनची एस-३ ही साठवणीची सेवा २००६ मध्ये सुरू झाली. पत्ता आणि पुट-गेट अशा साध्याच इंटरफेसवर अख्खं जग ती वापरू लागलं. पण जुन्या फाइलवर नवीन ठेवून लगेच मागितली, तर कधीकधी जुनीच हातात येऊ शकायची. ठेवल्या ठेवल्या नवीनच मिळेल असा शब्द त्यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिला. चौदा वर्षांनी! इंटरफेस तोच राहिला, त्यातल्या शब्दाचं वजन वाढलं.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी नेमका तोच प्रश्न विचारला. "सिंपल इंटरफेस म्हणता, मग एवढा वेळ का लागतो?"

मी म्हटलं, "सर, पहिलं व्हर्जन फास्ट होतं. पण ते खोटं बोलायचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "आणि दोन कोठारांमधलं नेटवर्क तुटलं तर?" ही ब्रूअर यांची २००० सालची गाठ. नेटवर्क तुटल्यावर एक तर 'आत्ता नाही' म्हणायचं, नाहीतर चुकीचं उत्तर देण्याचा धोका पत्करायचा. मी म्हटलं, "आम्ही नाही म्हणतो, सर." त्यांनी काहीतरी लिहिलं. किती मार्क मिळाले ते या लेखाच्या विषयात बसत नाही.

मला आधी वाटायचं, सोपा इंटरफेस म्हणजे कमी बटणं आणि कायम हिरवी अक्षरं. आता वाटतं, सोपा म्हणजे ज्याचं उत्तर दोनदा तपासावं लागत नाही तो. 'ठेवलं' म्हणजे ठेवलं. 'नाही' म्हणजे नाही. आणि मधलं काही असेल तर तेही स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही. हॉस्टेलमध्ये आपण एकमेकींना दिवसातून किती वेळा 'हो, झालं' म्हणतो! जर्नल झालं? झालं. रेक्टर मॅडमना सांगितलं? सांगितलं. घरी फोन केला? केला. यातली निम्मी कामं रात्री दोन वाजता होणार असतात.

आणि मेहकर? हरवलेल्या तीन ओव्यांपैकी दोन तिच्या आईला येत होत्या. त्या तिने आईच्या आवाजात रेकॉर्ड केल्या. तिसरी घरात कुणालाच पूर्ण आठवली नाही. परवा तिने त्या दोन्ही कोठारात ठेवल्या. मी शेजारीच उभी होते. हिरवं उत्तर आलं, खाली 'प्रती : २'. तिने ते वाचलं, माझ्याकडे बघून हसलीसुद्धा.

पण फोनमधून फाइली तिने पुसल्या नाहीत. आणि मीही तिला पुस म्हटलं नाही.

ता. क. हा लेख मी तीन ठिकाणी ठेवला आहे आणि संपादक मंडळाला दोनदा मेल केला आहे. दोनदा मिळाला तरी छापायचा एकदाच. पोचपावतीची वाट बघते आहे!